क्रेग लियाचा मालक

माणसाने निसर्गाशी झगडू नये, जुळवून घ्यावं, असं आर्ची गिलँडर्स अडतीस वर्षं सांगत आला होता. एप्रिलमधल्या त्या मंगळवारी तो क्रेग लिया टेकडीच्या उतारावर, गुडघाभर हेदरच्या झुडपांत उभा राहून, मासे काढायचं जाळं हातात घेऊन एका सातशे ग्रॅमच्या पक्ष्याशी झगडत होता आणि हरत होता.

"ये, मेल्या, ये इकडे," तो म्हणाला.

पक्षी आलाच. न येणं त्याच्या स्वभावात नव्हतं. लाल भुवया फुलवून, पंख जमिनीला घासत, 'मागे फिर, मागे फिर' असं सगळे ग्राऊस ओरडतात तसं ओरडत तो जाळ्याच्या दांड्याखालून निसटला आणि आर्चीच्या पोटरीला लोंबकळला.

ग्राऊस म्हणजे रानकोंबडीसारखा पक्षी, खरं तर भित्रा. माणूस दिसला की हेदरमधून भर्रकन उडतो, आणि उडतो म्हणूनच दर बारा ऑगस्टला लोक बंदुका घेऊन त्याच्यासाठी येतात. आर्ची या टेकडीचा रखवालदार. वर्षभर कोल्ह्यांपासून, डोमकावळ्यांपासून हे पक्षी जपायचे, जुनं हेदर पट्ट्यापट्ट्यांनी जाळून त्यांच्यासाठी कोवळे कोंब उगवू द्यायचे, आणि ऑगस्ट आला की हाकारे लावून त्यांना बंदुकांसमोर उडवायचं, हे त्याचं काम. यात काही विसंगती आहे असं त्याला कधी वाटलं नाही. आमच्या खोऱ्यात कुणालाच वाटलं नाही.

पण मधूनच एखाद्या नराचं डोकं फिरतं. जे हलतं ते सगळं आपल्या जागेवर टपलंय असं त्याला वाटायला लागतं. या नराने माथ्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेचं वळण धरलं होतं. टपालवाली शीना आता पत्रं खालच्या फाटकालाच अडकवून जायची. डंडीहून आलेल्या दोन गिर्यारोहकांनी हिमालयातल्या गोष्टी सांगितल्या होत्या. ते या वळणावर स्वतःच्याच गाडीच्या टपावर पाऊण तास बसले. मेंढ्या तपासायला आलेल्या डॉक्टरने पक्ष्याला नाही, पण आर्चीला शिव्या दिल्या.

एरवी आर्चीने ही गंमत वर्षभर पुरवून खाल्ली असती. पण शुक्रवारी नवी मालकीण टेकडी बघायला येणार होती.

मालकीण डेन्मार्कची. बिर्गिट लुंडस्ट्रप तिचं नाव. दह्याच्या धंद्यात वर आलेली. तिला शिकार बंद करून झाडं लावायची होती. शिकार नाही तर ग्राऊस सांभाळायचे कशाला, आणि ग्राऊस सांभाळायचे नाहीत तर आर्ची कशाला, इतका साधा हिशेब होता. घर नोकरीबरोबर मिळालेलं. नोकरी गेली की शहरात दुसऱ्या मजल्यावरचे दोन खण. इस्टेटीचा कारभारी कार्मायकल, वय बत्तीस, याने तसं स्वच्छ सांगितलंही होतं. "शुक्रवारी बाईंचं मत चांगलं झालं तर बघू, आर्ची. त्या दिवशी सगळं नीट पाहिजे."

म्हणून हे जाळं. चौथ्या झटापटीत पक्षी सापडला. आर्चीने तो पोत्यात घातला, आपल्या चारचाकी फटफटीवर बांधला आणि टेकडीच्या पलीकडे, तळ्याच्या काठाशी, दहा किलोमीटरवर नेऊन सोडला. हिवाळ्यात बर्फासारखा पांढरा होणारा डोंगरी ससा आता अर्धा तपकिरी होऊन शेजारी बसला होता. तोही पाहुण्याला बघून निघून गेला.

बुधवारी सकाळी आर्ची वळणावर पोचला तर पक्षी आधीच हजर. थोडा दमलेला, पण जास्तच चिडलेला.

"मान मुरगळ त्याची," जेवताना त्याची बायको आयना म्हणाली. "मी सूप करते."

"एप्रिल आहे."

"मग?"

"दहा डिसेंबरनंतर ग्राऊस मारत नाहीत. कायदा आहे."

"अडतीस वर्षं तू लोकांना ते पक्षी मारायला घेऊन गेलास."

"शिकारीला घेऊन गेलो. खुनाला नाही."

आयनाने बटाटे त्याच्या ताटात जरा जोरातच वाढले. "त्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीत उभा राहून तू कसली रखवाली करणार आहेस? कबुतरांची? खाली गाड्या लावायची जागा आहे, मी बघून आलेय. माझी परसातली बेदाणीची फळझुडपं तिथे लावू का, दोन गाड्यांच्या मध्ये?"

"तू बघून आलीस?"

"कुणीतरी बघायला नको?"

आर्चीने एक बटाटा काट्याने कुस्करला. मग म्हणाला, "मी बाईंना खालच्या वाटेने नेईन."

शुक्रवारी तो तसं म्हणालाही. कार्मायकल नवाकोरा लोकरी कोट घालून आला होता, त्याची घडी अजून मोडली नव्हती. "खालची वाट कशाला? माथ्यावरून सगळं खोरं दिसतं."

"खाली वाकड्या चोचीचे कोरल पक्षी आलेत, साहेब. घरट्याच्या तयारीत आहेत. मॅडमना आवडतील."

"आर्ची, दलदलीत नेऊन तू त्यांचे बूट घालवणार. वळणावरून चला."

मालकीण गाडीत बसली. साठीची, आखूड केसांची बाई. मघापासून ती फक्त बघत होती. दूर भोवत्या हा शिकारी पक्षी वाऱ्यावर झुलत उतार चाळत होता, ते तिने पाहिलं. कार्मायकलने पाहिलं नाही, तो नकाशा उलगडत होता.

वळणावर गाडी थांबली. कार्मायकल उतरला, हात पसरून म्हणाला, "मॅडम, ही सगळी टेकडी आता तुमची." आणि त्याच्या गुडघ्यामागे काहीतरी आदळलं.

पुढचं अर्धं मिनिट कारभाऱ्याला शोभेल असं नव्हतं. तो गाडीभोवती दोनदा पळाला आणि तिसऱ्या फेरीत टपावर गेला. नकाशा हेदरमध्ये पडला. पक्षी त्यावर चढून बसला.

आर्चीने टोपी काढली. इतक्या वर्षांच्या नोकरीचा शेवट असा होणार, हे त्याला दिसत होतं. "चूक माझी आहे, मॅडम," तो म्हणाला. "मला त्याचा बंदोबस्त करता आला असता."

"मग का केला नाही?"

"त्याची जागा आहे ती."

बाई खाली बसली. पक्षी नकाशावरून उतरून तिच्या हातमोज्याला भिडला, चोच मारली, मागे सरला, पुन्हा आला.

"याला कुणी सांगितलं नाही का, टेकडी मी विकत घेतलीय म्हणून?"

"मी मंगळवारी सांगून पाहिलं," आर्ची म्हणाला. "पोत्यात घालून तळ्यापलीकडे नेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी परत."

बाई हसली. मोठ्याने नाही, पण बराच वेळ हसत राहिली. "बारा वर्षांत मला कुणी 'नाही' म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "माझ्या ऑफिसात तीनशे माणसं आहेत. सगळी त्या टपावरच्या गृहस्थांसारखी."

टपावरचा गृहस्थ म्हणाला, "मी ऐकतोय, मॅडम."

"ऐका, आणि लिहूनही घ्या. शिकार बंद. झाडं लागतील. पण या पक्ष्याची जागा तशीच राहील, हेदरसकट. आणि याची काळजी घ्यायला हे इथेच राहतील. हा आहे तोवर घर यांचं."

आठवड्याने पत्र आलं. खोऱ्यात सगळ्यांना ते शीनाकडून आधीच कळलं होतं, आणि दुकानात लोकांनी आर्चीची पाठ थोपटली. आयनाने चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. कार्मायकलने ते वकिलाकडून लिहून घेतलं होतं: सदर पक्षी हयात असेपर्यंत.

"म्हणजे जन्मभर," आयना म्हणाली.

"त्याच्या."

"ते कळलं मला. किती जगतात रे हे?"

आर्ची उठला आणि बूट चढवायला लागला. "तू बेदाणीला खत घालून घे," तो म्हणाला. "यंदा फळ चांगलं धरेल."

त्याने बादलीभर बारीक खडी घेतली. हेदर पचवायला ग्राऊसला पोटात खडी लागते. वरच्या काळ्या ओल्या मातीत ती मिळत नाही, म्हणून रखवालदार नेऊन ठेवतात. एरवी तो साऱ्या टेकडीभर मूठमूठ टाकायचा. आता सगळी बादली वळणावर रिकामी केली. मग वाऱ्याकडे पाठ करून एका दगडावर बसला, मांडीवर बंदूक आडवी घेऊन, कोल्हा कुठून येईल त्या दिशेला बघत. पक्षी आला, त्याच्या बुटाला चार चोची मारल्या आणि खडी खायला लागला.

ग्राऊस बहुतेक दोन वर्षंही जगत नाहीत. हा चौथ्यात होता.