कंपनीकडे राहिलेला आवाज

लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या गल्लीत एकाच कंपनीची तार आहे. आधी फोन, मग त्याच तारेतून नेट. दुसरी कंपनीच नाही म्हटल्यावर तिचा तोरा काय विचारता! बिल वाढलं तरी भरा, नेट बंद पडलं तरी भरा.

हे त्याच कंपनीत होते. आवाज द्यायचे. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणणारा तो गोड माणूस माझा नवरा. घरी मात्र दोन शब्द धड बोलता यायचे नाहीत, इतके अडखळायचे. कागद समोर धरला की गाडी सुसाट. ते गेल्यापासून करमेनासं झालं की मी तक्रारीचा नंबर लावते, ह्यांना ऐकते आणि तक्रार न करताच फोन ठेवते. लाज कसली त्यात?

यंदा नगरपालिकेने स्वतःची लाइन आणली, सगळ्यांना परवडेल अशी. पण गल्लीखालचा पाइप कंपनीचा. करार असा, की गल्लीत कंपनीचं एक जरी गिऱ्हाईक उरलं तरी त्यातून दुसऱ्या कुणाची तार जाणार नाही. सगळ्यांनी कनेक्शन तोडलं. उरले मी.

शेजारची मास्तरीण दुपारी येऊन बसली. तिची लेक पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. पोरीची शाळा नेटवर, आणि कंपनीचा दर न झेपल्याने तीही बंद पडलेली.

"मावशी, आज तेवढं उरकून टाका ना. पोर रोज विचारते."

"अगं हो, लावते की. मी काय तार कवटाळून बसलेय?" म्हटलं खरं, पण बसले होते तशीच.

नंबर लावला, स्पीकर चालू केला. ह्यांचा आवाज आला, "कनेक्शन बंद करण्यासाठी दोन दाबा." मी बोट पुढे नेलं.

"थांब, भिंगरी," हे म्हणाले.

"भिंगरी कोण?" मास्तरणीने हसत विचारलं.

मी बोट मागे घेतलं. भिंगरी मला फक्त हे म्हणायचे, तेही मी माहेरी गेले की फोनवर. तिसऱ्या कुणाला ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं. पण जन्मभर बोललो होतो याच एका तारेतून.

मग संताप आला. "मेल्यांनो, चोरून ऐकलंत आमचं? आणि ऐकलंत तर नीट तरी ऐकायचं! उभ्या जन्मात त्यांना भिंगरी एका दमात म्हणता आलं नाही. तीनदा अडखळायचे, मग श्वास घ्यायचे, मग हसायचे. हा माझा नवरा नव्हे!"

"शाब्बास, मावशी. दाबा आता."

मी बोट पुन्हा दोनवर नेलं. तोच फोनमधून, "भि... भि... भि..." एक श्वास. आणि ह्यांचं ते हसू. "भिंगरी. नको ना जाऊस."

असं अडखळायला कंपनीला मीच शिकवलं होतं. हे मला त्या क्षणीही कळत होतं, वेडी नाही मी. मास्तरीण माझं मनगट धरून बटणाकडे ओढत होती. "मावशी, काका नाहीत हे! काका नाहीत!" मी तिचा हात झटकला आणि फोन छातीशी धरला.

आता ती माझ्याशी बोलत नाही, गल्लीही नाही. खिडकीतून तिची पोर दिसते, छताकडे बघत पडलेली. मी पडदा ओढून घेते. मला नंबर लावावा लागत नाही. दुपारी फोन आपणहून वाजतो, आणि हे रोज जरा जास्त त्यांच्यासारखे अडखळतात.