पडद्याकडे पाठ

“परत आमच्याकडे पाठ केलीत, बाई,” मी मागच्या बाकावरून म्हणालो आणि स्वतःच्याच धाडसाने ओशाळलो.

कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत आम्ही दोघेच होतो. प्रोजेक्टरच्या पडद्यासमोर मालकीणबाई आणि विणकरांसारखे ऐकू येऊ नये म्हणून कानांत कापूस कोंबून बसलेला मी, त्यांच्या कचेरीतला कारकून. भिंतीपलीकडे माग धडधडत होते. त्या आवाजात आयुष्य काढलेल्या विणकरांचे कान हळूहळू विझत जातात. मग माणसे समोरच्याचे ओठ वाचू लागतात. माझे बाबाही त्यांतलेच. घरी आई आधी त्यांच्या खांद्याला हात लावते, मगच बोलू लागते.

बाईंना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण यजमान गेले, कारखाना अंगावर पडला, आणि चारचौघांत बोलायचे म्हटले की त्या माणसांकडे बघायचेच टाळत. मागच्या सभेत त्या अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे पाहूनच बोलल्या. ‘काही महिने निम्मे माग बंद ठेवू, पण कोणालाही काढणार नाही,’ हे वाक्य पडद्यालाच ऐकू गेले. विणकरांना दिसल्या त्या पडद्यावरच्या चित्रात निम्म्या मागांवर मारलेल्या लाल फुल्या. दुसऱ्या दिवशी दोन जुने विणकर काम सोडून गेले. बाकीचेही गेले असते, तर कारखान्याला कुलूपच लागले असते. म्हणून उद्या पुन्हा सभा होती, आणि म्हणून ही तालीम.

“आमच्या ह्यांना छान जमायचं रे. नुसते उभे राहिले तरी लोक हसायचे.”

“मिशांमुळे साहेबांचे ओठच दिसायचे नाहीत, बाई. बाबा म्हणतात, सगळे अंदाजानं हसायचे.”

बाई आधी चमकल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. यजमान गेल्यापासून त्यांना असे हसताना मी पाहिले नव्हते. त्यांनी पडदा गुंडाळून ठेवला.

“चल, पहिल्यापासून. आणि चुकले तर सांग हं, लाजू नकोस. लाजायला मी आहे.”

सभेच्या दिवशी खिडक्या सताड उघड्या होत्या. बाई उजेडात उभ्या राहिल्या. चेहरा माणसांकडे होता. एक वाक्य संपले की त्या थांबत, रांगेवरून नजर फिरवत, मग पुढचे बोलत.

बाबा उठले. कित्येक वर्षे ते प्रत्येक सभेत नुसती मान डोलावत आले होते.

“बंद माग पुन्हा चालू झाले की त्यांच्यावर आम्हीच ना? का नवी पोरं?”

बाई बाकांमधून वाट काढत त्यांच्यासमोर आल्या. “तुम्हीच. कोणालाही काढणार नाही.”

“परत सांगा.”

“म्हाताऱ्याला कळलं नाही वाटतं,” कोणीतरी पुटपुटले.

कळले होते. मला बाबांचा चेहरा दिसत होता. कोणीतरी आपल्याशी बोलते आहे, हे त्यांना आणखी एकदा पाहायचे होते. बाईंचे आभार कसे मानावेत ते मला तेव्हाही सुचले नाही, आजही सुचत नाही.

बाईंनी ते वाक्य सावकाश पुन्हा उच्चारले. आणि बाबांचे ओठ, आवाज न करता, त्यांच्याबरोबर हलत राहिले.