हरणांच्या वेळेचा टायमर

"हा परत घे. खराब निघाला," असं म्हणत हिल्मर लुडकेने हरणांसाठी मका उधळणाऱ्या पिंपाचा टायमर गल्ल्यावर ठेवला.

हरणांच्या शिकारीचा मोसम नुकताच सुरू झाला होता. पशुखाद्याच्या त्या दुकानात शहरातून आलेल्या शिकाऱ्यांची झुंबड होती. मालक रोएल कान्तूने त्या गडबडीतही टायमर बॅटरीला जोडून पाहिला. मोटर गरगर फिरली.

"चांगला फिरतोय की, मिस्टर हिल्मर. झालं काय?"

"वेळ चुकवतो. काल हरणं आली, मक्याच्या पिंपाखाली हुंगत उभी राहिली आणि निघून गेली. मिट्ट अंधार पडल्यावर याने मका उडवला. तो कुणासाठी, रात्री भटकणाऱ्या रकूनांसाठी?"

रोएलने मान खाजवली. "काल रविवारी हिवाळ्याच्या नियमाने सगळ्यांची घड्याळं तासभर मागे झाली. तुम्ही याचंही केलंत?"

"म्हणजे काय! घरातली सगळी केली, तसं हेही केलं."

"अहो, तुम्ही केलंत, पण हरणांना कुणी कळवलं?"

मागे उभे असलेले दोघे शिकारी फिदीफिदी हसले. एरवी हिल्मरने त्यांना दोन शब्द सुनावले असते. आज त्याचे कान तेवढे लाल झाले. उभा जन्म त्याने शाळेची बस चालवली. त्याची बस वळणावर दिसली की बाया चुलीवरची कॉफी उतरवत. घड्याळाला इतकं मानणाऱ्या माणसाला घड्याळानेच तोंडावर पाडलं होतं.

आणि ही गंमत नव्हती. त्याची बायको एल्डा गेल्या वर्षापासून हळूहळू सगळं विसरत चालली होती. दिवसभर ती शांत असे. ऊन उतरू लागलं की मात्र तिला भीती घेरायची. दाराशी कुणी आलंय, आपल्याला न्यायला आलंय, असं म्हणत ती थरथरायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती नुसती झोपायची. खिडकीसमोर हरणं आली, तर मात्र भीती विसरून ती त्यांच्याकडे बघत राहायची. त्या वेळी हिल्मरला तिचा हात धरून बसावं लागे. तो उठला की ती किंचाळायची. म्हणून मका आपोआप पडायला हवा होता, आणि तोही वेळेवर. काल तो वेळेवर पडला नाही. अर्धी रात्र एल्डा पलंगाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

रोएलने दुसरं खोकं काढलं. "तो तासभर पुढे करता येईल, पण दिवस लहान होतायत, पुन्हा चुकेल. हा घ्या. फोनवरून चालतो. घरात बसून बटण दाबायचं."

"आमच्या दरीत फोन लागतो कुठे?"

"मग हा बघा. यात घड्याळच नाही. याला डोळा आहे. उजेड गेला की आपला फिरतो."

हिल्मरने तो काचेचा बारीक डोळा अंगठ्याने पुसला. बिनघड्याळाच्या वस्तूवर विश्वास टाकायचा म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं.

"मला भरवशाचा हवा, रोएल. एक संध्याकाळसुद्धा चुकून चालणार नाही."

रोएलने आवाज खाली आणला. "कशा आहेत मिसेस एल्डा?"

"दिवसा बरी असते."

"हाच न्या. फक्त झाडाच्या सावलीत लावू नका, नाहीतर भर दुपारी संध्याकाळ समजेल."

घरी शेजारीण लुपे एल्डाला सूप भरवत होती. हिल्मरने पिंप ओढत ओकच्या सावलीबाहेर आणलं, तिन्ही पाय घट्ट रोवले, तारा जोडल्या. घाईत एक स्क्रू दोनदा गवतात पडला. लुपे गेली, तेव्हा ऊन समोरच्या टेकडीच्या माथ्यावर चढलं होतं. तो आत आला आणि टोपी काढून, एल्डाचा हात धरून पलंगाशी बसला.

एल्डाची बोटं पांघरूण ओढू लागली. "दाराशी कोण आहे?"

"कुणी नाही गं."

"मला न्यायला आलेत."

तिचा श्वास वाढला. बाहेर कुंपण धूसर झालं, तरी पिंप हूं की चूं करेना. आपण पुन्हा फसलो, असं हिल्मरला वाटलं. आता उठून हाताने मका टाकावा, तर तिचा हात कसा सोडवायचा? तो अर्धवट उठला, आणि तेवढ्यात पिंपाखालची मका उडवणारी चकती घरघरली. मका टपटप गवतावर उधळला.

झुडपातून आधी एक मादी आली, तिच्यामागे दोन पाडसं. मग बाकीची आली. एल्डाची बोटं सैल पडली. ती कितीतरी वेळ बघत राहिली, गालात हसलीसुद्धा. हिल्मरच्या जिवात जीव आला. जिंकलो, असं त्याला अगदी लहान मुलासारखं वाटलं.

मग ती त्याच्याकडे वळली. परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाली, "तुम्ही फार वेळ बसलात हो माझ्यापाशी. आता निघालात तरी चालेल. माझे यजमान मका टाकायला गेलेत ना, ते येतीलच इतक्यात. उशीर करायची सवय नाही त्यांना."

आजवर ती सगळ्यांना विसरली होती, पण त्याला कधी विसरली नव्हती. हिल्मरच्या डाव्या हातात टोपी होती. ती त्याने हळूच बाजूला ठेवली.

"ते येईपर्यंत बसतो मी," तो म्हणाला, "तुमची हरकत नसेल तर."

"बसा ना," एल्डा म्हणाली. तिने हात मात्र सोडला नाही.