कोरडी फरशी

डॉक्टरीणबाईंनी पायाखाली फडकं धरून दवाखान्याची फरशी पुसायला घेतली, तसे बाकावरचे निवृत्त पोस्टमास्तर दोन्ही पाय वर घेऊन बसले.

“घरच्या कुत्रीला गुण येईना वहिनी, मग आम्ही बाहेरच्यांनी काय आशा धरायची?”

“ती पथ्य पाळत नाही,” बाई म्हणाल्या.

कुत्रीला घरात सगळे म्हातारीच म्हणत. झोपेतच तिला लघवी होऊन जाई. जाग आल्यावर ओलं बघून सगळ्यात जास्त चकित तीच होई.

डॉक्टर होमिओपॅथीचे. त्यांनी तिची केस रीतसर घेतली होती. तहान किती? गोड आवडतं का? कुणी समजूत काढली तर बरं वाटतं, की राग येतो? म्हातारी शेपटी हलवायची, उत्तरं बाई द्यायच्या. आधी कॉस्टिकम झालं, मग सेपिया, मग पुन्हा कॉस्टिकम, वरच्या पॉवरचं. फरशी ओलीच. पेशंट बाकाच्या कोरड्या टोकाकडे सरकत गेले, आणि मग दाराबाहेर. डॉक्टर रिकाम्या दवाखान्यात पंखा बंद करून बसू लागले, तेव्हा बाई कुणाला न सांगता जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या.

तिथल्या गोळ्या त्या उकडलेल्या अंड्यात दडवून देत. थोड्याच दिवसांत फरशी कोरडी झाली.

डॉक्टरांना कंठ फुटला. बाक भरला. पोस्टमास्तरांनी स्वतःसाठीही औषध नेलं, कशासाठी ते सांगितलं नाही. सगळं छान चाललं होतं. मग होमिओपॅथांच्या मंडळाने डॉक्टरांना याच केसवर भाषणाला बोलावलं, आणि बाई अंडं सोलता सोलता थांबल्या. घरात फुशारकी मारणं वेगळं. इथे भरल्या सभागृहात नवरा नकळत खोटं बोलणार, आणि ते खोटं आपण रोज अंड्यात घालून वाढलेलं. खरं सांगायचा धीर होईना. म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. म्हातारीने चारचौघांत एकदा फरशी ओली केली, की डॉक्टर आपणहून भाषण रद्द करतील.

बाई फडकं हाताशी ठेवून वाट बघत राहिल्या. म्हातारी कोरडी उठली. दुसऱ्या दिवशीही, आणि पुढेही रोज.

बाईंनी औषधांच्या कपाटाची काच पुसली. आतल्या बाटल्यांकडे पहिल्यांदाच जरा अदबीने पाहिलं. त्या दुपारी डॉक्टरांचा चहा बशीसकट आला.

भाषणाच्या दिवशी सकाळी त्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या, तेव्हा चालण्यात थोडी ऐट होती.

“तुमच्या गोळ्या आता नकोत. बंद करून टाकल्या मी. तरी ठणठणीत आहे!”

तो एका मांजराचा कान तपासत होता. त्याने मान वर केली नाही.

“बंद कुठे? मागच्या आठवड्यात साहेब स्वतः येऊन पाकीट घेऊन गेले की. म्हणाले, ही हल्ली द्यायची थांबलीय, का कोण जाणे.”

“कोण साहेब?”

“तुमचे.”

मांजर गुरगुरलं. बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि घरी आल्या.

डॉक्टर आरशासमोर इस्त्रीच्या शर्टात उभे होते. हातात भाषणाचा कागद.

“ऐक. ‘मित्रहो, ही कुत्री केवळ होमिओपॅथीच्या औषधाने बरी झाली.’ कशी वाटते सुरुवात?”

“चांगली आहे. आवाज जरा मोठा काढा.”

“पुढच्या रांगेत तुझी खुर्ची ठेवायला सांगितलीय.”

बाईंनी त्यांची कॉलर सरळ केली.

“मी मागेच बसते. पुढे बसले तर तुम्ही माझ्याकडे बघाल.”

आरशात डॉक्टरांना दोघंही दिसत होती. त्यांनी खिशातलं पेन काढलं, कागद भिंतीला टेकवला आणि ‘केवळ’ हा शब्द खोडला.