पट्टे सैल पडू लागले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना सेफ्टी बेल्ट आहे. उंचावर काम करणारे कामगार मला छातीवर आणि मांड्यांवर आवळून बांधतात आणि माझा हूक लोखंडी पाइपाला अडकवतात. सौदीत रास अल खैरजवळच्या एका बांधकामावर मी विश्वनाथच्या वाट्याला आलो. विश्वनाथ चिपळूणकडचा, पाइपांची परांची बांधणारा. स्वभावाने मी जरा धास्तावलेलाच. काय करणार, पडण्याचा विचार करणं हाच माझा धंदा.

गेल्या वर्षी विश्वनाथच्या फुप्फुसांना सूज आली. चार पावलं टाकली तरी धाप लागे. डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि तो पुन्हा वर चढू लागला. मला हायसं वाटलं. पण गोळ्यांबरोबर त्याची भूक वाढली, तोंड गोल झालं, पोट सुटलं. माझे पट्टे सारखे वाढवावे लागत. गावी त्याच्या बायकोला, दर्शनाला, आजाराचा पत्ताच नव्हता. व्हिडिओ कॉलवर ती खूश होऊन म्हणाली, सौदीचं पाणी मानवलं तुम्हाला. कामगारांच्या कॅम्पात मात्र त्याच्या पोटाची थट्टा चाले. त्याने भात सोडला, तरी वजन घटेना.

मग एकदा फोरमन उसामाने माझ्यावरचं लेबल सगळ्यांना वाचून दाखवलं. बेल्ट ठरावीक वजनच पेलतो. लवकरच सगळ्यांचं वजन होईल. जो जास्त भरेल त्याचं वरचं काम खलास. खाली दुसरं काम नव्हतं, म्हणजे थेट घरीच. विश्वनाथने कोणालाही न विचारता गोळ्या एकदम बंद केल्या.

हळूहळू गोळ्यांनी अंगावर आलेली सूज उतरली आणि माझे पट्टे त्याच्या अंगावर सैल पडू लागले. जो तो त्याला शाबासकी देऊ लागला. मला मात्र आनंद होईना. छातीच्या पट्ट्याखाली त्याचं काळीज धडधडत होतं. अंगात त्राण नव्हतं, खाल्लेलं उलटून पडत होतं, उभा राहिला की तोल जात होता. मला बोलता येत नाही याचं इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

एका सकाळी पाइप उचलताना त्याला भोवळ आली आणि तो कडेवरून खाली गेला. माझे टाके करकरले. पण मी धरलं. शेजारी काम करणाऱ्या राजापूरच्या नसरुद्दीनने इतरांच्या मदतीने त्याला वर ओढलं.

"गोळ्या सोडल्या होत्या मी," विश्वनाथ कसाबसा म्हणाला. "वजन करणार होते ना."

"मग डॉक्टरला सांगायचंस. निदान मला तरी सांगायचंस रे." नसरुद्दीन त्याच्या छातीवरचे माझे पट्टे सोडवू लागला.

पुढचं मी नसरुद्दीनच्याच तोंडून स्टोअरमध्ये ऐकलं. वजन गोळ्यांनीच वाढलं होतं. वेळेवर सांगितलं असतं, तर डॉक्टरांनी काही तोड काढून पाहिली असती. पण शरीराला सवय झालेली गोळी एकदम बंद केली आणि घात झाला. विश्वनाथ अजून इस्पितळात आहे. तो कधी परत येईल, कोणी सांगत नाही.

पडणाऱ्याला झेललेला बेल्ट पुन्हा वापरत नाहीत, कापून टाकतात. उसामा कात्री शोधतो आहे, तेवढ्यात सांगून घेतो. मित्रांनो, कोणाचं अंग एकाएकी सुटलं तर हसू नका, त्याला कसलं औषध चालू आहे ते विचारा. तुमच्या घरात कोणी औषधाने जाड होत असेल, तर गोळी मनाने बंद करू देऊ नका, आधी डॉक्टरांशी बोलायला लावा. विश्वनाथ परतला, तर त्याला नवा बेल्ट मिळेल. पण कोणताही बेल्ट माणसाला एकदाच झेलतो.