विलायती देवीचा झटका

श्रीवर्धनला भागुबाईच्या मागच्या पडवीत त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. आत मावली नाहीत ती माणसं सुपारीच्या बागेत उभी होती, आणि पोरं कुंपणावर चढून बसली होती. मधोमध कपडे धुण्याचं यंत्र होतं. पांढरंशुभ्र, पिंपाएवढं, वर कपडे पिळायचे दोन रूळ. त्याला कुणीतरी झेंडूची माळ घातली होती.

"सात समुंदर ओलांडून देवी आली!" मठातले बाळाजीबुवा गरजले. "तारेतनं जेवते, फेसातनं बोलते! पुण्यवंताला चंदन, पाप्याला इंगळी!"

खडावा खटखट वाजवत ते पुढं झाले आणि त्यांनी आख्खा पंजा यंत्रावर टेकला. काही झालं नाही. गर्दीतून "वाऽऽ" उठलं.

"आता सूनबाई."

भागुबाईची सून रतन पुढं आली. अनवाणी, ओल्या जमिनीवर. तिनं बोट लावलं मात्र, मुंग्यांची रांग धावावी तशी झिणझिणी कोपरापर्यंत गेली आणि तिनं हात झटकला.

"बघितलंत?" बुवा म्हणाले. "देवी खोटं बोलत न्हाय. हिच्या हातनं कायतरी घडलंय. नवरा दर्यावर असताना काय घडतं, ते मी तोंडानं सांगू काय?"

रतनच्या शेजारी उभी असलेली बाई हळूच बाजूला सरकली. मग दुसरी सरकली. एवढ्या गर्दीत रतनच्या भोवती मात्र अंगण मोकळं झालं.

तसं तिला एकटेपण नवं नव्हतं. नवरा हिरामण परदेशी जहाजावर. गावात वीज आली हे कळताच त्यानं हौसेनं हे यंत्र पाठवलं. 'रतनच्या हातांना आराम पडू दे,' असं पत्रात लिहिलं. हातांना आराम पडला खरा, पण त्याआधी ती रोज कपड्यांची मोट घेऊन तळीवर जायची. तिथं तिची मैत्रीण काशी असायची, आणखी चार बायका असायच्या. धोपटण्याच्या तालावर सासवांची नक्कल व्हायची, रडणंही व्हायचं. यंत्र आलं आणि भागुबाई म्हणाली, "आता तळीवर कशाला जायचं? लोक हसतील." घर माणसांनी भरलेलं. येता-जाता जो तो पडवीत कपडे टाकायचा, "संध्याकाळला पायजेत हां," म्हणून निघून जायचा. रतन त्या घरघरीशेजारी बसायची. कधीकधी यंत्राशीच बोलायची.

मग झटके सुरू झाले. तिनं सांगितलं तेव्हा रावजीनं, धाकट्या दिरानं, बाहेरून आल्या आल्या चपला न काढताच यंत्राला हात लावून बघितला. "काय बी न्हाय. वहिनीला भास होतात." भासावरून गोष्ट बाहेरच्या बाधेवर गेली आणि बाधेवरून बुवांवर.

बुवांनी निकाल दिला. हिरामण येईपर्यंत रतननं मुरुडला माहेरी राहायचं आणि यंत्राची स्थापना मठात करायची. हिरामण कधी येणार? जहाज कुठल्या बंदराला आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आणि असा डाग घेऊन गेलेली सून परत येत नाही, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी तिच्या हातचं पाणी कुणी घेतलं नाही. जावेची पोर राही रोज रतनच्याच कुशीत झोपायची. राहीचं अंथरूणही आजीकडे गेलं.

दुपारी कुंपणापलीकडून हाक आली. "रतन, इकडे ये बघू."

मुलींच्या शाळेतल्या आवडाबाई होत्या. शिकवताना कधी आवाज न चढवणाऱ्या.

"मला एक सांग. झटका रोज बसतो?"

"रोज, बाई." रतन थांबली. "न्हाय. परवा न्हाय बसला."

"परवा काय वेगळं होतं? घाई नको. आठव."

रतननं डोळे मिटले. "जमीन सारवलेली व्हती. पायाचे ठसे उमटतील म्हून मी पाट घेतला पायाखाली."

"लाकडी पाट. कोरडा?"

"व्हय."

"बरं. आणि बुवा कशावर उभे होते?"

रतननं डोळे उघडले. "खडावांवर. लाकडाच्या."

दुसऱ्या दिवशी यंत्र न्यायला बुवा बैलगाडी घेऊनच आले. गर्दी पुन्हा जमली. रतनची पेटी दाराशी बांधून ठेवलेली होती. तिच्यावर न बसता रतन आत गेली, पाट घेऊन आली, तो यंत्रापुढं ठेवला. हात पदराला कोरडे पुसले. पाटावर चढली आणि दोन्ही पंजे यंत्रावर टेकले.

झटका बसला नाही. हात तिथंच राहिले.

"रात्रीत पाप धुतलं गेलं वाटतं," आवडाबाई म्हणाल्या. "बुवा, आता तुम्ही खडावा उतरवा."

"गुरूंची आज्ञा न्हाय!"

"माझ्या सुनेला अनवाणी उभी केलीत," भागुबाई एकाएकी म्हणाली, "तवा गुरूंना इचारलं व्हतं?"

"थांबा, मीच बघतो." रावजीनं हसत चपला भिरकावल्या आणि यंत्राला बोट लावलं. "आयला!" तो हातभर मागं उडाला. हसणं विरलं. "वहिनी... खरंच गं."

तोवर खडावांची खटखट बागेपर्यंत पोचली होती. पाठोपाठ रिकामी बैलगाडी.

आवडाबाईंनी बटण बंद करून यंत्राची वायर भिंतीतून ओढून काढली. आत तीन तारा होत्या, एक छाटलेली. "ही कुणी कापली?"

"भिंतीला दोनच भोकं व्हती," रावजी पुटपुटला. "तिसरी उगाच लोंबत व्हती."

"तिसरी तार आत सांडलेली वीज जमिनीत पोचवते. ती नाही, म्हणून वीज यंत्राच्या पत्र्यात उतरते. ओल्या जमिनीवर अनवाणी माणूस दिसला की त्याच्या अंगातून वाट काढते. मध्ये कोरडं लाकूड किंवा चामडं आलं की वाट बंद. विजेला पाप-पुण्य कळत नाही, रे. आणि पोरांनो, हे कुणी करून बघायचं नाही. आज झिणझिणी आली, उद्या जीवही जाईल. झटका बसला तर आधी पायाखाली बघा, तारेकडे बघा. माणसाचं पाप शोधत बसू नका."

वायरमननं विहिरीजवळ मीठ-कोळसा घालून पाइप पुरला, तिसरी तार त्याला जोडली. झटके थांबले. राहीचं अंथरूण परत आलं. भागुबाईनं रतनचं ताट स्वतः वाढलं. माफी मात्र कुणी मागितली नाही. जो तो पुन्हा पडवीत कपडे टाकून जाऊ लागला.

आठवड्यानं रतननं आपली दोन लुगडी वेगळी काढून मोट बांधली.

"कुठं निघालीस?" सासू म्हणाली. "यंत्र हाय न्हवं?"

"हाय," रतन म्हणाली. "पण ते बोलत न्हाय."

आणि ती तळीकडे चालू लागली.