रोज चार पानं

बायकोच्या हृदयाची झडप बदलली, तेव्हा शिंपीकाकांनी दुकान बंद केलं आणि घर सांभाळायला घेतलं. रक्त पातळ राहावं म्हणून काकूंना रोज एक गोळी होती. त्याच सुमारास व्यायामशाळेत शिकवणाऱ्या भाच्यानं केल नावाच्या परदेशी पालेभाजीच्या बियांची पुडी आणून दिली.

"मामा, पालक हिच्यापुढे काहीच नाही. रक्ताला एकदम चांगली."

काकांनी परसात दोन वाफे केले. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय लावलंत?"

"केल."

"अहो, काय केलं?"

"केलच केलं, वहिनी!"

थंडीत झाडं गुडघ्याएवढी झाली. पानांच्या कडा झालर लावल्यासारख्या. काका खालची, बाहेरची पानं देठाशी मोडून घेत, मधला कोंब राखत. मग झाड देतच राहायचं. जाड शिरा काढून ते बारीक चिरायचे, लसणावर परतायचे.

"गाय आहे का मी?" काकू नाक मुरडायच्या.

"चार पानं आहेत गं. माझ्यासाठी खा."

चाराची आठ झाली, मग सकाळचा रसही सुरू झाला. काकू खात गेल्या.

पानं सुरू केल्यापासून सातव्या आठवड्यात केस विंचरताना काकूंच्या हातातून कंगवा गळला. उचलायला वाकल्या त्या तशाच कलंडल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

"खाण्यापिण्यात काही बदल?" रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकांनी मोठ्या हौशीनं सगळं सांगितलं. बाई लिहिता लिहिता थांबल्या.

"काका, या भाजीनं त्या गोळीचा असर कमी होतो. रक्तात गुठळी झाली, ती मेंदूत गेली. पालेभाजी एकदम वाढवू नका, असं ऑपरेशननंतर घरी सोडताना दिलेल्या कागदावर लिहिलं होतं."

कागद फायलीत होता. काकांनी तो जपून ठेवला होता, वाचला नव्हता.

"तुम्हाला तरी कसं माहीत असणार," बाई हळूच म्हणाल्या. काकांना ते ऐकूच आलं नाही.

काकू घरी आल्या, पण उजवा हात गेला आणि बोलणंही. "अं" एवढंच उरलं. शेजारणीनं पानं मागितली. "सगळी न्या," म्हणून काका आत वळले. भाच्याला त्यांनी काही कळू दिलं नाही.

महिन्यानं मात्र राहवेना. ते पलंगाशी बसले.

"ऐकतेस का? त्या भाजीनं झालं हे. मी खायला घातली."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं की नाही, काही समजेना. रागानं मान फिरवली असती तरी काकांना आधार वाटला असता.

थोड्या वेळानं काकूंनी तोंड उघडलं. जेवणाची वेळ झाली होती. काकांनी सूपचा चमचा पुढे केला. अर्धं हनुवटीवरून ओघळलं. ते पुसून त्यांनी दुसरा चमचा भरला.